बचावगटात हुकूम कोणाचा: एकाचा की तिघांचा?

खाडीकाठच्या एका गावातली मुलं पावसाळ्यासाठी बचावगट उभा करताहेत. त्यांनी विचारलं, "दादा, प्रमुख एकच ठेवू, की मच्छीमार, ट्रेकवाले आणि ग्रामपंचायत अशी तिघांची संयुक्त कमांड करू?" आमच्या चिपळुणातल्या गटाने दोन्ही करून पाहिलंय.

संयुक्त कमांडची बाजू लंगडी नाही. मच्छीमारांना खाडीची नस ठाऊक, ट्रेकवाल्यांकडे दोर, पंचायतीकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी. तिघांचा मान राहतो, रुसवेफुगवे होत नाहीत. आपत्तीत हुकूम कोणी कोणाला द्यायचा हे ठरवणारी ही सगळी कार्यपद्धती, म्हणजे इन्सिडेंट कमांड सिस्टीम, कॅलिफोर्नियात १९७० च्या वणव्यांनंतर आकाराला आली, तीही एकाच आगीवर धावलेल्या अनेक यंत्रणांचा मेळ बसेना म्हणूनच.

मला नडलं ते एक वाक्य: "विचारून सांगतो."

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरलेली, फोन बंद. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. खाडी पाणी घेईना. आमची होडी तयार होती. होडीवाल्या काकांनी विचारलं, आधी कुठल्या आळीत नेऊ? तेव्हाच्या आमच्या तिघा प्रमुखांपैकी एकाने जा म्हटलं. दुसऱ्याने आधीच थांबायला सांगितलेलं. तिसरा पलीकडे गच्चीवर अडकलेला. किती वेळ गेला ते मिनिटांत सांगता येणार नाही, पण काकांनी तीनदा इंजिन चालू केलं आणि तीनदा बंद केलं, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

खरं तर यात दोष त्या पद्धतीपेक्षा आमचा जास्त असेल. तिघांनी बसून आराखडा एकच ठरवायचा आणि होडीला हुकूम मात्र एकाच कार्यप्रमुखाने द्यायचा, असंच त्यात आहे. आम्ही पहिलं घेतलं, दुसरं विसरलो. पण त्यासाठी तिघं एका जागी बसलेले हवेत, आणि पुरात जो तो आपापल्या आळीत अडकतो. गावच्या गटाला हे जमणं मला कठीण वाटतं.

त्यानंतर आम्ही एकच प्रमुख नेमला. त्याचाही त्रास आहे. सगळेच त्याच्याकडे धावतात, आणि एका माणसाला साधारण पाच जणांचं, फार तर सातांचं नीट सांभाळता येतं. म्हणून होड्या, दोर, निवारा-जेवण आणि यादी असे चारच जण थेट त्याच्याशी बोलतात. तो थकला की सूत्रं दुसऱ्याकडे जातात, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं.

रायगडातल्या तळिये गावासारखी दरड कोसळली तर गोष्ट वेगळी. तिथे पोलीस, महसूल, एनडीआरएफ, प्रत्येकाचे अधिकार निराळे. तिथे संयुक्त विचाराला पर्याय नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. सरकारी पथक पोचलं की आपल्या प्रमुखाने त्यांच्या हाताखाली जायचं. तेव्हाही आमच्याकडून बोलणारा एकच असतो, म्हणून त्यांनाही सोपं जातं.

तुमच्याकडे तिघं खरंच एका खोलीत बसणार असतील तर संयुक्तही चालेल. नाहीतर एकच नाव ठरवा, आणि दुसरं नाव आजच फळ्यावर लिहा. आमच्या फळ्यावर दुसरं नाव यादी सांभाळणाऱ्या ताईंचं आहे. त्या होडीत चढत नाहीत, म्हणून कोणालाही लगेच सापडतात.