गर्भनिरोधक इंजेक्शन आणि चुकलेली पाळी : तेरा महिन्यांचा अनुभव

डीएमपीए हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन मी 13 महिन्यांपूर्वी सुरू केले आणि आजवर त्याचे पाच डोस झाले आहेत. त्यातले पहिले दोन महिने मी ज्या काळजीत काढले, ती टाळता आली असती, असे आता वाटते.

पहिला डोस मी पाळीच्या बाराव्या दिवशी घेतला. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतल्यास संरक्षण लगेच मिळते. मला उशीर झाला असल्यामुळे पुढचे सात दिवस कंडोम वापरायला सांगितले होते आणि त्यातल्या चौथ्या दिवशी आमच्याकडून ते राहून गेले. पुढे तारीख उलटली तरी पाळी आली नाही, तेव्हा दिवस गेले की काय, या धास्तीने मला झोप लागेना. आठवडाभराने कपड्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला आणि पाळी आली म्हणून जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्या दिवशी तेही थांबले.

कंडोम राहून गेलेल्या त्या दिवसाला तीन आठवडे पूर्ण झाल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी केली. एकच रेघ उमटली, म्हणजे दिवस गेले नव्हते. इंजेक्शनमुळे निकाल चुकीचा येईल, ही माझी शंका निराधार होती, कारण चाचणी एचसीजी हे गर्भारपणातले संप्रेरक शोधते आणि इंजेक्शनमध्ये ते नसते.

खरे तर हे औषध बीजकोशातून बीज बाहेर पडू देत नाही आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवते, त्यामुळे पाळीत बाहेर पडण्याजोगे फारसे काही साठतच नाही. रक्त आत तुंबून राहते, हा गैरसमज मलाही होता. दुसऱ्या डोसनंतर सलग 17 दिवस थोडे थोडे अंगावरून गेले, ते मात्र कंटाळवाणे होते. तिसऱ्या डोसपासून पाळी बंदच आहे. वर्षभर वापरणाऱ्या जवळपास निम्म्या स्त्रियांचे असेच होते.

डोस वेळेवर घेतले जात असतील, तर न आलेल्या पाळीवरून गर्भाचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. सुरुवात कोणत्या दिवशी झाली, हे पाहावे आणि शंका असल्यास सरळ चाचणी करावी. मळमळ होत असेल किंवा ओटीपोटात जोराची कळ येत असेल, तर मात्र डॉक्टरांकडेच जावे.

इंजेक्शन सोडल्यावर गर्भ राहायला काही महिने, कधी वर्षभरही लागू शकते. आम्हाला दोन वर्षांनी मूल हवे आहे, म्हणून शेवटचा डोस कधी घ्यायचा, हे मी पुढच्या भेटीत विचारणार आहे.