स्किड प्लेट घेताना पत्र्याआधी बोल्ट पाहावेत

गेल्या तीन वर्षांत माझ्या ऑफ-रोड गाडीच्या पोटाखाली स्किड प्लेटचे, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सला दगडांपासून वाचवणाऱ्या जाड पत्र्यांचे, दोन संच बसले. पहिला ३ मिलिमीटर पोलादी पत्र्याचा, एकसंध होता. दुसरा ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा, तीन तुकड्यांचा आहे आणि तोच आज गाडीला आहे. दोन्ही घेताना ‘पोलाद की ॲल्युमिनियम’ या एकाच प्रश्नावर मी बराच वेळ घालवला. आज विचाराल तर प्लेट चासीला (गाडीच्या सांगाड्याला) कुठे व कशी धरली आहे आणि ती न उतरवता सर्व्हिसिंगची किती कामे होतात, हे मी आधी पाहीन आणि धातूचा विचार त्यानंतर करीन.

मुळात गाडीबरोबर येणारे आवरण पुष्कळदा प्लास्टिकचे किंवा पातळ पत्र्याचे असते. चिखल-पाणी इंजिनापर्यंत उडू नये एवढेच त्याचे काम; दगडावर गाडीचे वजन टेकले तर ते लगेच आत दबते. त्याच्या वर असलेला ऑइल संप (इंजिनाच्या तळाचे ऑइल साठवणारे भांडे) पत्र्याचा असेल तर त्याला पोचा पडतो, पण ओतीव ॲल्युमिनियमचा असेल तर तो थेट तडकतो, आणि मग सगळे ऑइल दगडावर सांडून गाडी जागच्या जागी थांबते. संपानंतर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि इंधनाची टाकी या क्रमाने धोका असतो. ज्या गाड्यांना अखंड ॲक्सल आहे त्यांचा डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) चाकांबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे पोटाखालची प्लेट कितीही भक्कम घेतली तरी त्याला तिचा उपयोग नाही. त्याचे संरक्षक कवच वेगळे घ्यावे लागते. जाहिरातीत ‘संपूर्ण संच’ असे लिहिलेले असले तरी त्यात नेमके काय झाकले जाते, हे म्हणूनच विचारून घ्यावे.

आता धातूंविषयी. १ चौरस मीटर आणि १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा साधारण ७.८५ किलो भरतो, तर ॲल्युमिनियमचा २.७ किलो. माझ्या गाडीखालचे क्षेत्र १.२ चौरस मीटर धरले, तर ४ मिलिमीटर पोलादाचे वजन जवळजवळ ३८ किलो होते आणि ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमचे साडेएकोणीस. पोलाद ॲल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट ताठ आहे हे खरे, परंतु पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा ४ मिलिमीटर पोलादापेक्षा किंचित अधिकच ताठ निघतो. माझा जुना ३ मिलिमीटरचा पोलादी पत्रा दगडावर टेकला की वाकून संपाला भिडत असे. नवा अजून तसा भिडलेला नाही. ॲल्युमिनियममध्येही मिश्रधातू कोणता हे विचारावे. ६०६१-टी६ अधिक बळकट, पण लहान त्रिज्येत वाकवला की घडीवर तडे जाण्याची शक्यता असते आणि वेल्डिंगच्या आसपास त्याची ताकद कमी होते; ५०५२ थोडा मऊ असला तरी घड्या निमूटपणे सोसतो. ज्या प्लेटला बऱ्याच घड्या आहेत तिच्यासाठी मी ५०५२ पसंत करीन.

खडकावर मात्र ॲल्युमिनियमची एक खोड लवकर लक्षात येते. पोलाद दगडावरून सरकते. ॲल्युमिनियम दगडाला चिकटल्यासारखे धरते आणि त्यावर खोल चर पडतात. माझ्या पुढच्या तुकड्यावर असा एक वीतभर चर आहे, ज्याच्या टोकाला धातूचा कीस वळून उभा राहिला होता आणि तो कानशीने घासून काढावा लागला. ज्यांचा रस्ता बहुतांशी माती, चिखल आणि सुटे दगड असा आहे त्यांना याचा फारसा त्रास होणार नाही, परंतु जे वारंवार कातळावर गाडी घासत नेतात त्यांनी वजन सोसून पोलादच घ्यावे. पोलादावरचे पावडर कोटिंग (रंगाचा थर) पहिल्याच घासणीत निघते आणि तिथून गंज सुरू होतो, एवढे गृहीत धरून चालावे.

खरी परीक्षा बोल्टांची. पहिल्या संचाचे बोल्ट साध्या षटकोनी डोक्याचे होते आणि ती डोकी पत्र्याखाली सहा-साडेसहा मिलिमीटर लोंबत होती. सहा महिन्यांत दोन डोकी घासून इतकी गोल झाली की पाना त्यांना धरेना. शेवटी प्रत्येकावर एक नट वेल्ड करून ते फिरवून काढावे लागले. नव्या संचात बोल्टची डोकी पत्र्यातल्या खोलगट खाचेत बसतात आणि दोन वर्षांनंतरही पाना नीट लागतो. तुकडे एकमेकांवर कसे येतात तेही पाहावे. कौले जशी पावसाचा ओघ बघून रचतात, तशी इथे दगडाची दिशा बघून रचना हवी: पुढच्या तुकड्याची मागची कड मागच्या तुकड्याच्या खाली यावी, म्हणजे पुढे जाताना दगड कोणत्याही कडेत अडकत नाही. (रिव्हर्समध्ये हाच फायदा उलटतो, त्यामुळे खडकावरून मागे येताना सावकाश यावे.) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्लेटचा भार चासीच्या मुख्य पट्ट्यांवर आणि आडव्या तुळयांवर गेला पाहिजे. पत्रा आणि संप यांच्यामध्ये बोटभर तरी मोकळी जागा असावी, कारण इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलत असते. चासी वेगळी नसलेल्या गाड्यांत तर पुढचा भाग अपघातात ठरावीक रीतीने चुरगळावा असाच बनवलेला असतो, म्हणून तिथे त्याच मॉडेलसाठी आखलेल्या प्लेटखेरीज दुसरे काही बसवू नये.

एक तक्रार सविस्तर सांगण्याजोगी आहे. पहिल्या प्लेटला ऑइल काढण्यासाठी भोक होते, पण ते ड्रेन प्लगपासून (संपाच्या ऑइल काढायच्या बुचापासून) जेमतेम दोन बोटे पुढे. पहिल्या सर्व्हिसिंगला निम्मे ऑइल भांड्यात आणि निम्मे प्लेटवर पडले. पुढचे चार दिवस गाडी उभी केली की खाली काळे थेंब दिसत आणि मी संप फुटला या समजुतीने रोज गाडीखाली झोपून बॅटरी मारत होतो. बनवणाऱ्याला कळवले तेव्हा प्रत्येक वेळी प्लेट उतरवावी असे उत्तर मिळाले. चौदा बोल्टांची प्लेट एकट्याने उतरवणे म्हणजे छातीवर पत्रा झेलण्याची तयारी ठेवणे. नव्या संचात मधला तुकडा सहा बोल्टांवर आहे, ड्रेन प्लग आणि फिल्टर दोन्ही उघडे राहतात, आणि पुढच्या कडेला हूक असल्यामुळे तुकडा आधी टांगून मग बोल्ट लावता येतात.

उष्णता आणि कचरा या दोन गोष्टींकडे विकणारे सहसा लक्ष वेधत नाहीत. गिअरबॉक्सखाली हवेसाठी झरोके हवेत. पण तेच झरोके फार मोठे असले तर खडे आत शिरून खडखडतात. वाळक्या गवतातून गेल्यानंतर प्लेटवर साठलेले गवत काढलेच पाहिजे, कारण एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या उष्णतेने ते पेटू शकते. चिखल साचून राहिला की गाडीचे वजनही वाढते आणि ओलावाही टिकतो. ॲल्युमिनियमची प्लेट पोलादी चासीला लागून खाऱ्या पाण्यात भिजत राहिली तर संपर्काच्या जागी ॲल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये रबरी किंवा प्लास्टिकचे वॉशर घालावेत आणि आट्यांना ग्रीस लावावे.

जाड प्लास्टिकच्या, म्हणजे यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलिनच्या प्लेटा दगडावरून उत्तम सरकतात आणि हलक्याही असतात, पण सुमारे १३० अंश सेल्सिअसला ते वितळते आणि एकटे ताठही नाही. धातूच्या प्लेटखाली अस्तर म्हणून ते मला पटते.

सध्याच्या संचाला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण टाकीखालच्या तुकड्यामुळे गेला: त्याला पाणी निथळायला एकच भोक आहे, तेही सर्वांत सखल कोपऱ्यात नाही, त्यामुळे ओढा ओलांडून आल्यावर तासभर तरी गाडीखाली पाणी गळत राहते. ड्रिल घेऊन मी तिथे १२ मिलिमीटरची आणखी दोन भोके पाडली आहेत.