‘अलंगचं जुनं पितळ’ घेताना कुठे फसतो

मुंबईतल्या एका दुकानातून लाकडी बोटीच्या केबिनसाठी चार पोर्टहोल, म्हणजे जहाजाच्या गोल खिडक्या, घेतले गेले. ‘अलंगचा माल आहे, जहाज मोडून निघालेला,’ असं सांगून नव्या मालाच्या जवळपास दुप्पट भाव लावला. वर बजावलं, ‘घासू नका, पीतांबरी तर लावूच नका, जुनेपणाची किंमत जाते.’ हा सल्ला एरवी बरोबरच आहे, म्हणून तर तो पचतो. इथे मात्र घासलं असतं तर बिंग फुटलं असतं. पहिल्याच पावसाळ्यात काळपट थर पापुद्रे धरून सुटला आणि खाली लेथच्या ताज्या रेघा दिसल्या. काच आवळायचे कानवाले नट तर पितळेचे नव्हतेच.

भावनगर जिल्ह्यातल्या अलंगला 1983 पासून जहाजं मोडतात, मुंबईत दारूखाना भागातही मोडली जात. तिथून खरा माल बाजारात येतो, त्यामुळे नाव ऐकलं की गिऱ्हाईक गप्प बसतं. पण हल्ली मोडीत निघणाऱ्या जहाजांच्या खिडक्या बऱ्याचदा पोलादी चौकटीच्या असतात. एकाच मापाचे, एकाच रंगाचे डझनभर पितळी पोर्टहोल दुकानात टांगलेले दिसले, तर ते कुठून आले हे विचारायलाच हवं.

पितळ म्हातारं करायला वेळ लागत नाही. नवा ओतीव नग तेलकटपणा काढून बंद पिंपात अमोनियाच्या वाफेत टांगला की तो तपकिरी-काळा होतो. मीठ आणि व्हिनेगर फवारलं की हिरवा जंगाल येतो. हा हिरवा रंग बहुधा भुकटीसारखा असतो, ओला कापूस फिरवला की कापसावर उतरतो. समुद्रावर वर्षानुवर्षं राहिलेल्या पितळेचा थर घट्ट बसलेला असतो, आणि मुख्य म्हणजे सगळीकडे सारखा नसतो. हात लागतो तिथे ते उजळ राहतं, खाचेत काळं पडतं, बाहेरच्या कडेवर रंगाचे जुने थर चिकटलेले असतात.

म्हणून रंगावर जाऊ नका, झीज कुठे आहे ते पाहा. बिजागरीची खीळ काढायला लावा. खऱ्या जुन्या पोर्टहोलमध्ये खिळीचं भोक उघडझाकीने किंचित लांबट झालेलं असतं. वर सांगितलेल्या नगात ते गोल होतं, कडा हाताला बोचत होत्या, आणि आत खीळ लोखंडी. बोल्टची भोकंही बघावीत: जहाजावरून काढलेल्या चौकटीच्या भोकांत वाळलेलं सील, रंग, निदान मळ तरी सापडतो.

लोहचुंबकाने फक्त लोखंड पकडता येतं. जस्ताच्या मिश्रधातूवर पितळेचा मुलामा दिलेला असेल, तर चुंबक चिकटत नाही आणि विक्रेता तेच मोठ्या थाटात दाखवतो. त्यावर साधा उपाय म्हणजे वजनकाटा. सुटा नट आधी कोरडा तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि नट दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. 425 ग्रॅमच्या नटाला काट्याने 50 ग्रॅम दाखवले, तर भागाकार 8.5, म्हणजे पितळ. वरच्या खरेदीतला नट 335 ग्रॅमचा होता, काट्यावर आकडा तोच 50, भागाकार 6.7, म्हणजे आत जस्ताचा मिश्रधातू. अशा धातूचे आटे खाऱ्या हवेत फुगतात आणि खिडकी बंद असतानाच जाम होते.

चकचकीत मालातही खोट असते. बफिंग करून वर पारदर्शक लॅकर मारलेलं पितळ दुकानात सोन्यासारखं दिसतं. डेकवर उन्हाने लॅकरला बारीक चिरा पडतात, मीठ आत शिरतं आणि खाली काळ्या रेषा पसरतात. त्या पॉलिशने जात नाहीत, आधी सगळं लॅकर उतरवावं लागतं. दर महिन्याला घासायची तयारी असेल तर लॅकर नसलेलाच माल घ्यावा.

शोभेच्या वस्तूत फसलात तर पैसे जातात. पाण्याखालच्या वस्तूत फसलात तर बोट जाते. तळातून पाणी घ्यायचा कॉक ‘गनमेटल’ म्हणून साध्या पितळेचा दिला, तर समुद्राचं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं आणि मागे उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ, गुलाबीसर तांबं. बाहेरून आकार जसाच्या तसा राहतो, पाइप जरा जोरात ओढला की तुकडा हातात. गनमेटलमध्ये तांबं साधारण 88 टक्के, कथील 10 आणि जस्त जेमतेम 2. साध्या पितळेत जस्तच 35-40 टक्के. वजनाच्या चाचणीत हा फरक नीट कळत नाही. भंगार धातूच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे एक्स-रे तपासणीची बंदूक असते, तिच्याने कळतो. मात्र ती वरवरचाच धातू वाचते, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी कानस मारून मग तपासावं.

कोरलेल्या नावांचंही तसंच. ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, 1917’ असं लिहिलेले सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून समुद्रावर जागा काढायचं उपकरण) सर्रास मिळतात. त्या दोन कंपन्या एकत्र आल्या 1940 च्या दशकात.

बिलावर नुसतं ‘अँटिक पीस’ लिहून घेऊ नका. धातू, वजन, ‘जहाजावरून काढलेला जुना माल’ आणि ‘तपासणीत वेगळं निघाल्यास परत’ हे शब्द दुकानदाराच्या सहीने हवेत. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 क्रमांकावर, तक्रार नोंदवता येते. वरच्या व्यवहारात बिलावर ‘डेकोरेटिव्ह आयटम, 4 नग’ एवढंच होतं.