घरातला सायकल ट्रेनर : एका हिवाळ्याचा अनुभव

नाशिकच्या डिसेंबरात पहाटे 5 ला त्र्यंबक रोडवर सायकल काढायची म्हणजे बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक दाबलाय का तेच कळत नाही, आणि घरी यायला साडेआठ, तोवर लेक शाळेत गेलेली आणि डबा, वेणी, बस सगळं बायकोने एकटीने केलेलं. फेब्रुवारीत ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन करायचीये, 1.5 किमी पोहणं, 40 किमी सायकल, 10 किमी पळणं, त्यामुळे सायकल सोडणं शक्यच नव्हतं. म्हणून हा फ्लुइड ट्रेनर घेतला, मागचं चाक रोलरवर टेकवायचं आणि हॉलमध्येच पॅडल मारायचं, जेवढा स्पीड वाढवाल तेवढा लोड आपोआप वाढतो.

आवाज आहे, खोटं नाही सांगत. खाली जाड सतरंजी घातली तेव्हा कुठे खालच्या काकूंचा फोन यायचा थांबला. साधा टायर मात्र वापरू नका, दीड महिन्यात माझा मधोमध सपाट झाला आणि फरशीवर काळी भुकटी, ट्रेनरचा वेगळा टायर मिळतो तोच लावा. फॅन पण हवाच, थंडीतही घाम टपटप गळतो.

पण 50 मिनिटांत काम होतं आणि 7 ला मी मोकळा. लेक शेजारी बसून पाढे म्हणते, मग डिंकाचा लाडू आम्ही दोघं अर्धा अर्धा खातो. लांब राइड फक्त रविवारी, गंगापूर धरणाकडे, तीही उन्हं आल्यावर. घरात लहान मुलं असतील तर नक्की घ्या, फक्त रोलर फिरत असताना त्यांना हात लावू देऊ नका.