इआन्थी की अल्किओनी?

माझी भाची लंडनला असते, तिचा नवरा ग्रीक. पुढच्या महिन्यात बाळ येतंय आणि मुलगी झाली तर नाव ग्रीक पुराणातलं ठेवायचं, हे दोघांचं पक्कं आहे. यादीतून दोनच नावं उरलीत: इआन्थी आणि अल्किओनी. दोन्ही ग्रीसमध्येसुद्धा क्वचितच ऐकू येतात. ‘मावशी, तूच सांग,’ म्हणाली. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

अर्थ इआन्थीचा सरळ आहे. ‘इऑन’ म्हणजे व्हायोलेट, ‘आन्थोस’ म्हणजे फूल. जांभळं रानफूल म्हणा. प्राचीन ग्रीक कवी हेसिऑडच्या देवांच्या वंशावळीत ती महासागराच्या देवाच्या, ओकेआनोसच्या, असंख्य मुलींपैकी एक. धान्यदेवतेची मुलगी पर्सेफोनी कुरणात फुलं वेचत होती तेव्हा ज्या सख्या सोबत होत्या, त्यांतही तिचं नाव येतं. बस्स, पुढे तिची स्वतःची गोष्ट नाही. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात क्रीट बेटावरची आणखी एक इआन्थी भेटते, पण ती कथा तिच्याशी लग्न ठरलेल्या इफिसची. इंग्रजीत हे नाव कवींनी रुळवलं. शेलीने 1813 साली जन्मलेल्या आपल्या मुलीला हेच नाव दिलं होतं.

अल्किओनीचं तसं नाही, ती कथा घेऊनच येते. ‘अल्किओन’ म्हणजे खंड्या पक्षी. ही वाऱ्यांच्या राजाची, ऐओलोसची मुलगी. तिचा नवरा केइक्स समुद्रात बुडाला. मग एका रात्री तो निथळत्या दाढीने तिच्या स्वप्नात येऊन उभा राहिला. सकाळी ती किनाऱ्यावर गेली, तर लाटांवरून त्याचं शव येत होतं. तिने त्याच्याकडे झेप घेतली आणि देवांनी दोघांचे पक्षी केले. ऐन हिवाळ्यात ती अंडी उबवते तेव्हा बाप सात दिवस वारे कोंडून ठेवतो, असं ओव्हिड सांगतो. जानेवारीत मध्येच छान ऊन पडलं की ग्रीक लोक आजही त्यांना अल्किओनीचे दिवस म्हणतात.

पाण्यात बुडालेल्या माणसाची कथा बाळाला कशाला, असं माझ्या बहिणीला वाटतं. मला तसं वाटत नाही. लेकीची अंडी वाहून जाऊ नयेत म्हणून वारा आवरून धरणारा बाप मला या कथेत जास्त मोठा दिसतो.

शिवाय हे नाव आपल्याकडेही नांदतं. विहिरीच्या काठावर दिसणारा पांढऱ्या छातीचा खंड्या शास्त्रात ‘हॅल्सियन’ प्रजातीतला, म्हणजे अल्किओनीच्याच नावाचा. पावसाळ्यात कोकणात घरटं करायला येणारा तिबोटी खंड्या आहे ‘केइक्स’ प्रजातीतला. नवरा-बायको दोघंही आपल्या रानात! कृत्तिकांमधला सर्वांत तेजस्वी तारा तोही अल्किओनीच. ही अल्किओनी मात्र वेगळी, अ‍ॅटलासची मुलगी. कार्तिकात अंधार पडला की आजी नातीला पूर्वेला बोट करून तिचा तारा दाखवू शकेल.

उच्चारात मात्र इआन्थी जिंकते. प्राचीन ग्रीकांचा तो ‘थ’ आपल्या ‘थ’सारखाच होता, त्यामुळे आजीची जीभ कुठे अडत नाही. इंग्रज ‘आयॅन्थी’ म्हणतील, तेवढं चालून जाईल. अल्किओनीचं इंग्रजांच्या तोंडी ‘अल्सायनी’ होतं, म्हणजे ग्रीक आजोळी... चुकले, बापाच्या घरी एक नाव आणि शाळेत दुसरंच. स्पेलिंगही प्रत्येक वेळी फोड करून सांगावं लागणार.

रोज शंभरदा हाक मारायला सोपं हवं असेल तर इआन्थी. मुलीला पुढे सांगायला काही हवं असेल आणि स्पेलिंगचा त्रास सोसायची तयारी असेल, तर अल्किओनी. मी भाचीला अल्किओनीच सुचवलंय, घरात हाक मारायला ‘अल्की’. तिकडे जन्माची नोंद 42 दिवसांत करावी लागते, तोवर दोन्ही नावांनी बाळाला हाक मारून पाहा म्हटलं.