एडब्ल्यूएस बॅकअप: इंदूरच्या दवा बाजारातून, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमची औषधांची घाऊक पेढी इंदूरच्या दवा बाजारात. धार, देवास, खरगोनच्या मेडिकलवाल्यांना माल जातो. हिशेब टॅलीत, बिलिंग एसक्यूएल सर्व्हरवर, आणि ऑर्डरी घ्यायला लिनक्सवर एक छोटं पोर्टल. तिन्ही मशिनं एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरांच्या) मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांत आहेत. आधी एका कंत्राटदाराची स्क्रिप्ट त्यांचे स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्यायची. घ्यायची ठीक, पण जुने पुसायची नाही, आणि बंद पडली तरी कुणाला पत्ता नाही. आता ते काम एडब्ल्यूएस बॅकअपकडे आहे. २०१९ च्या जानेवारीत आलेली ही सेवा, म्हणजे नवखी नाही.

मत आधीच सांगतो. सेवा चांगली आहे, आम्ही चालू ठेवणार आहोत. पण तिची मूळची सेटिंग्ज आमच्यासारख्या दोन-चार सर्व्हरवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली नाहीत. जशी आहेत तशी ठेवली तर बॅकअप होत राहतो, पण कामाचा होतोच असं नाही.

मांडणी सोपी आहे. एक व्हॉल्ट (बॅकअप ठेवायची तिजोरी), एक प्लॅन, प्लॅनमध्ये नियम, आणि कोणती मशिनं घ्यायची ते टॅगवरून, म्हणजे मशिनला लावलेल्या चिठ्ठीवरून. टॅगचा प्रकार मला सगळ्यात आवडला. नवं मशीन उभं केलं, त्याला ठरलेला टॅग लावला, की ते त्या रात्रीपासून रांगेत. टॅग लावायचा राहिला तर मात्र कुणी हटकत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मशिनांची यादी आणि व्हॉल्टमधली यादी समोरासमोर धरावी लागते. ईसीटू मशिनचा (एडब्ल्यूएसवरच्या भाड्याच्या सर्व्हरचा) बॅकअप म्हणजे पूर्ण इमेज, जोडलेल्या सगळ्या ईबीएस (एडब्ल्यूएसच्या) डिस्कांसकट. मशीन बंद करावं लागत नाही.

वेळेचं प्रकरण नीट समजून घ्या. नियमात रात्री दोनची वेळ घातली म्हणजे दोनला बॅकअप सुरू होईल असं नाही. 'इतक्या तासांत सुरू करा' असं एक खाणं असतं आणि त्यात मूळचे ८ तास असतात. म्हणजे सकाळी दहापर्यंत कधीही. आमच्याकडे दहाला काउंटर उघडतो. ते कमी करून १ तासावर आणलं. त्याखाली जात नाही. दुसरं म्हणजे टाइम झोन. तो आता निवडता येतो. न निवडता यूटीसीवर (ग्रिनिचच्या वेळेवर) ठेवला तर साडेपाच तासांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. महिनाअखेरीला आमचं बिलिंग बाराच्याही पुढे चालतं (इंदुरात रात्री फक्त सराफ्याचा खाऊबाजारच जागा असतो असं नाही), त्यामुळे आमच्यासाठी ही बारीक गोष्ट नव्हती.

आता मुख्य मुद्दा. साधा स्नॅपशॉट म्हणजे वीज गेली त्या क्षणी डिस्कवर जे होतं ते. टॅलीचं आणि पोर्टलचं त्यावर भागतं. चालत्या डेटाबेसला त्यापेक्षा चांगलं हवं, आणि त्यासाठी विंडोज व्हीएसएसचा पर्याय आहे: डेटाबेसला क्षणभर थांबवायचं, मेमरीतलं लिखाण डिस्कवर उतरवायचं, मग स्नॅपशॉट. प्लॅनमध्ये त्याची एक चौकट असते. ती टिक करणं हे काम तिथं संपत नाही. मशिनवर एसएसएम एजंट (एडब्ल्यूएसचे हुकूम मशिनवर चालवणारा प्रोग्रॅम) चालू हवा, एडब्ल्यूएसचे व्हीएसएस घटक टाकलेले हवेत, आणि मशिनच्या रोलला (त्याला दिलेल्या अधिकारांच्या संचाला) स्नॅपशॉट घ्यायची परवानगी हवी. मायक्रो आणि नॅनो आकाराच्या मशिनांवर तर हे चालतच नाही.

यातलं काही कमी पडलं तर काय होतं? बॅकअप फेल होत नाही. सेवा गुपचूप साधा स्नॅपशॉट घेते आणि काम पूर्ण झालं म्हणते. कन्सोलमध्ये त्या ओळीपुढे 'कम्प्लीटेड विथ इश्यूज' असं दिसतं, पण ही स्थिती फक्त कन्सोलमध्येच आहे. एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅममधून, विचारलं तर उत्तर 'कम्प्लीटेड', आणि खरी भानगड सोबतच्या संदेशात. म्हणजे फेल झालेल्या कामांवर ईमेलचा अलर्ट लावून निर्धास्त झोपलात, तर हा प्रकार त्या अलर्टमध्ये येणारच नाही. आमच्या बिलिंगच्या ताई आता सकाळी चहाबरोबर जॉबचं पान उघडतात आणि हिरव्याशिवाय काही दिसलं की मला फोन करतात. 'दादा, आज पुन्हा पिवळं आहे,' एवढंच. कुठल्याही अलर्टपेक्षा हे बरं चाललंय.

दुसरा खोल खड्डा एडब्ल्यूएसच्या बिलाचा. ईबीएस स्नॅपशॉट इन्क्रिमेंटल असतात: पहिला पूर्ण, पुढच्यांत फक्त बदललेले ब्लॉक, ५१२ केबीच्या मापात. मग बिल हळूहळूच वाढायला हवं. आमचं भराभर वाढत होतं. कारण बिलिंगच्या सर्व्हरवरच निघालं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी एसक्यूएलचा रोजचा पूर्ण बॅकअप त्याच मशिनच्या डी ड्राइव्हवर टाकायची सोय करून ठेवली होती. डेटाबेसची अख्खी फाइल रोज नव्यानं लिहिली जायची आणि स्नॅपशॉटच्या दृष्टीनं ते सगळे ब्लॉक बदललेले. बॅकअपचाच बॅकअप, तोही रोज, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आमचा एसक्यूएल सर्व्हर २०२२ चा असल्यामुळे तो बॅकअप थेट एस-थ्रीत (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवायच्या सेवेत) पाठवता आला. दर पंधरा मिनिटांचे लॉग बॅकअपही (डेटाबेसमधल्या मधल्या बदलांची नोंद) तिकडेच जातात. ते बंद करू नका, कारण रात्रीच्या स्नॅपशॉटवरून दुपारी तीनची बिलं परत येत नाहीत. बिल वाढलंय म्हणून हातानं स्नॅपशॉट पुसायला ईसीटूच्या पानावर गेलात तर तिथून पुसले जाणार नाहीत. ते व्हॉल्टमधूनच काढावे लागतात. ही अट मला पसंत आहे.

परत आणणं. पूर्ण मशीन परत आणायला सोपं: रिकव्हरी पॉइंट (त्या दिवशीचा बॅकअप) निवडा, सबनेट आणि सिक्युरिटी ग्रुप (नेटवर्कमधली जागा आणि फायरवॉलचे नियम) द्या, काही मिनिटांत मशीन उभं. पण ते नवं मशीन असतं, आयडी नवा आणि खासगी आयपीही नवा. काउंटरवरच्या संगणकांत जुना आयपी कोरलेला असेल तर सर्व्हर जिवंत आणि दुकान बंद. आम्ही रूट ५३ मध्ये (एडब्ल्यूएसच्या डीएनएस सेवेत) आयपीऐवजी अंतर्गत नाव ठेवलं आणि सगळीकडे तेच दिलं. उभं राहिलेलं मशीन सुरुवातीला रडतखडत चालतं, तेही धरून चाला. स्नॅपशॉटमधला डेटा एकदम डिस्कवर येत नाही. ज्या ब्लॉकला पहिल्यांदा हात लागेल तो तेव्हा एस-थ्रीतून आणला जातो. काउंटरवर नसलेला माल गिऱ्हाइकानं मागितल्यावर गोदामातून मागवावा, तसं. टॅलीत जुनं वर्ष उघडायला गेलं की हे चांगलंच जाणवतं. हा उशीर टाळणारं फास्ट स्नॅपशॉट रिस्टोअर विकत मिळतं, पण आमच्या आकाराला ते महाग.

आमच्यासारख्या पूर्ण मशिनच्या बॅकअपमधून एकच फाइल हवी असेल तर खटाटोप आहे. स्नॅपशॉटवरून डिस्क बनवायची, तीही चालू मशिनच्याच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनच्या त्याच भागात), नाहीतर जोडता येत नाही. जोडल्यावर विंडोजमध्ये ती बहुधा ऑफलाइन दिसते, कारण तिची सिग्नेचर (डिस्कचा ओळखक्रमांक) मूळ डिस्कसारखीच असते. ऑनलाइन करा, फाइल उचला, डिस्क काढून पुसून टाका. ती सी ड्राइव्हची प्रत असेल तर तिच्यावरून नंतर मशीन बूट करायचा विचार मनातून काढा. ऑनलाइन करताना विंडोज तिची सिग्नेचर बदलतो. बडोद्याचा माझा मावसभाऊ अझुरवाला (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा) आहे, पुण्याचं रीजन वापरतो. तिकडे रिकव्हरी पॉइंट स्क्रिप्टनं मशिनवर माउंट करून फाइल काढता येते. या बाबतीत तो मला चिडवतो आणि मला गप्प बसावं लागतं.

आमचे सीए, भाऊसाहेब, यांचं या सगळ्यात एकच म्हणणं होतं. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये बदल झाला, त्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि रोजच्या रोज असायला हवा. मुंबईनं ती अट भागते. दुसरी प्रत हैदराबादला ठेवली. ते रीजन नोव्हेंबर २०२२ पासून आहे, पण खात्यात आधी चालू करून घ्यावं लागतं. प्रत वेगळ्या खात्यात पाठवायची असेल तर एक मेख आहे: डिस्क एडब्ल्यूएसच्या मूळच्या ईबीएस किल्लीनं एन्क्रिप्ट केलेली असली तर दुसऱ्या खात्यात प्रत होत नाही. केएमएस या एडब्ल्यूएसच्या किल्ल्यांच्या सेवेत बनवलेली स्वतःची किल्ली हवी, आणि चालू डिस्कची किल्ली जागच्या जागी बदलता येत नाही. नवी डिस्क बनवून अदलाबदल करण्यात आमचा एक रविवार गेला. बाजार बंद असतो म्हणून निभावलं.

रिस्टोअर टेस्टिंगची सोय २०२३ च्या शेवटी आली. ठरल्या वेळी मशीन आपोआप उभं करून, तपासून, पुसून टाकते. मात्र मशीन उभं राहिलं एवढंच ती बघते. आत डेटाबेस उघडतो का, हे तपासायला लॅम्डा (एडब्ल्यूएसवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहावा लागतो. आम्ही तो लिहिला नाही; तिमाहीला हातानं उभं करतो आणि ताई त्यात चार जुनी बिलं काढून बघतात.

एकच सर्व्हर असेल आणि डेटाबेस नसेल, तर या सगळ्याची गरज नाही. एडब्ल्यूएसचाच डेटा लाइफसायकल मॅनेजर स्नॅपशॉट घेतो, जुने पुसतो, नको ती डिस्क वगळू देतो, आणि पैसे फक्त स्नॅपशॉटच्या जागेचे. दुसरं खातं, दुसरं रीजन आणि व्हॉल्ट लॉक (मुदतीआधी बॅकअप पुसू न देणारं कुलूप) हे सगळं एकाच जागी हवं असेल तर एडब्ल्यूएस बॅकअप घ्या. व्हॉल्ट लॉक आम्ही सध्या गव्हर्नन्स मोडमध्ये ठेवलंय, म्हणजे परवानगी असलेल्याला ते काढता येतं. कंप्लायन्स मोड लावला की किमान ७२ तासांच्या मुदतीनंतर तो कुणालाच काढता येत नाही, खात्याच्या मालकाला नाही की खुद्द एडब्ल्यूएसला नाही. रॅन्समवेअरच्या धास्तीनं भाऊसाहेब तो लावा म्हणतात. पण बॅकअप राखायची मुदत चुकून सात वर्षांची पडली तर सात वर्षं बिल भरायचं, म्हणून शेठजी अजून सही करत नाहीत.