2013 ची स्विफ्ट: कोणता बदल पैसे वसूल करून गेला

दिवाळीनंतर मी 2013 ची पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय घेतली. गाडी पुण्याच्याच पासिंगची, दोन मालकांच्या हातून आलेली आणि 78 हजार किलोमीटर चाललेली होती. घरात रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे. ही केवळ चालवण्याच्या हौसेपोटी घेतली, आणि गेल्या आठ महिन्यांत तिच्यावर केलेल्या खर्चापैकी कोणता सार्थकी लागला आणि कोणता पाण्यात गेला, ते येथे मांडत आहे.

निवड स्विफ्टचीच का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. या पिढीच्या स्विफ्टचे वजन एक टनाच्या आत आहे, आणि तिचे 1197 सीसीचे के-सिरीज इंजिन आपली सगळी 87 पीएस (म्हणजे अश्वशक्ती) ताकद थेट 6000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्यांवर देते, म्हणजे ते फिरवावे लागते आणि फिरवले की खुलते. शिवाय तिचे सुटे भाग नाना पेठेत कोणत्याही दिवशी मिळतात. आरसीची मुदत मात्र 2028 मध्ये संपते, त्यामुळे गाडीच्या किमतीइतका खर्च वर करण्यात काही अर्थ नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते.

पहिला बदल फुकटात झाला. आधीच्या मालकाने सीटवर आत फोम भरलेली जाड रेक्झिनची कव्हरे चढवली होती आणि स्टिअरिंगवर गुळगुळीत कव्हर होते. दोन्ही काढून टाकल्यावर बसण्याची जागा बोटभर खाली गेली, सीटच्या कडेचा आधार पाठीला लागू लागला आणि स्टिअरिंगची मूळची जाडी हातात आली. जुनी गाडी घेणाऱ्याने इतर काही करण्याआधी हे करून पाहावे.

खरा पैसा टायरांत गेला. गाडीला 165/80 आर14 मापाचे टायर होते (रुंदी 165 मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची). नक्षी पुरेशी शिल्लक असल्यामुळे विकणाऱ्याने ते अभिमानाने दाखवले. पण टायरच्या बाजूवर, डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, 2316 असे चार आकडे होते. त्यांचा अर्थ 2016 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. इतक्या वर्षांत रबर कडक होते, आणि त्याचा अनुभव पहिल्या पावसातच सातारा रस्त्यावर ब्रेक दाबताना आला.

याच पिढीच्या झेडएक्सआय या वरच्या प्रकाराला कंपनी 185/65 आर15 टायर देत असे, म्हणून मी तेच माप घेतले. जुन्या चाकाचा बाहेरचा व्यास साधारण 620 मिलिमीटर आणि नव्याचा 621.5 भरतो, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, गाडी खाली येत नाही, आणि मूळची चौदा इंची स्टेपनीही पंक्चरच्या दुकानापर्यंत नेण्यापुरती चालते. टायरच्या दुकानात 195/55 आर15 घेण्याचा बराच आग्रह झाला, "एकदम रेसिंग लुक येईल" असे सांगून. त्या मापात व्यास सुमारे 26 मिलिमीटरने घटतो. गाडी त्याच्या निम्म्याने खाली बसते आणि काटा प्रत्यक्षापेक्षा साधारण चार टक्के जास्त वेग दाखवतो. आपल्या सोसायट्यांच्या दारातले गतिरोधक पाहता मी नम्रपणे नकार दिला.

पंधरा इंची अलॉय मी झेडएक्सआयचेच, पण वापरलेले घेतले. अशी चाके घेताना आतल्या कडेवर वेल्डिंगची खूण आहे का ते बोट फिरवून पाहावे, आणि पैसे देण्याआधी प्रत्येक चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घ्यावे. माझ्या चारपैकी एक चाक मशीनवर डोळ्यांना दिसेल इतके डुलत होते. ते बदलून मिळाले.

टायरांनी पकड आली, तरी गाडी वळणावर आधी झुकायची आणि मग वळायची. 78 हजार किलोमीटरनंतर शॉकॲब्सॉर्बर आणि सांध्यांमधले रबरी बुश संपलेले असणारच, हे मान्य करून मी पुढचे-मागचे चारही शॉकॲब्सॉर्बर, पुढचे स्ट्रट माउंट, लिंक रॉड आणि लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश एकदमच बदलले. सुटे भाग कंपनीचे आणि माप मूळचेच. गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचा मोह झाला होता, परंतु वर-खाली सरकायला जागा कमी उरल्यामुळे शॉकॲब्सॉर्बर खड्ड्यागणिक तळाला टेकेल, हे उघड होते.

या कामाच्या वेळी पाहिलेली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गॅरेजमधला मुलगा गाडी लिफ्टवर असताना, चाके खाली लोंबकळत असतानाच, लोअर आर्मचे बोल्ट पाना लावून पूर्ण आवळू लागला. दूर बसून चहा पिणारे मिस्त्री तिथूनच ओरडले, "अरे, गाडी खाली घे आधी! हवेत आवळलंस तर बुश वर्षात फाटेल." कारण साधे आहे. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर बुशचे रबर त्याच स्थितीत पकडले जाते आणि गाडी जमिनीवर उतरताच कायमचे पिळलेले राहते. चाकांवर वजन आल्यावरच बोल्ट शेवटचे आवळायचे असतात. काम करून घेताना तेवढी दहा मिनिटे तिथे उभे राहावे, असे माझे मत झाले आहे.

अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याचा अनुभव मात्र वाईट आला. जिथे पहिल्यांदा केले, तिथून निघाल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग उजवीकडे कलते राहू लागले. परत गेलो, तर "गाडी सरळ जातेय ना, साहेब?" असे उत्तर मिळाले. गाडी सरळ जात होती हे खरे. पण स्टिअरिंग मध्यावर न बांधता एकाच बाजूचा टायरॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) फिरवून आकडे जुळवले होते. दुसरीकडे पुन्हा पैसे भरून, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद हातात घेऊन काम पुरे केले. या गाडीत पुढच्या चाकांचा फक्त "टो" (वरून पाहताना चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) बदलता येतो, त्यामुळे "कॅम्बरही (समोरून पाहताना चाक कललेले असण्याचा कोन) सेट करून देतो" म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे.

सपशेल पाण्यात गेलेला खर्च एकच, उघड्या शंकूच्या आकाराच्या एअर फिल्टरचा. आवाज झकास येतो आणि दोन दिवस आपण खूष राहतो. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि सिग्नलला थांबत थांबत स्वारगेट ओलांडल्यावर गाडी आधीपेक्षा सुस्त वाटते. मूळचा डबा आठवड्यात परत बसवला. सायलेन्सरच्या वाटेला मी गेलोच नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आणि ते बाजूला ठेवले, तरी पहाटे पाच वाजता सोसायटीतून निघणाऱ्या माणसाने शेजाऱ्यांचा विचार करायलाच हवा. अलॉयची माहिती विमा कंपनीला लेखी कळवून ठेवली आहे.

परिणाम पाहायला मी रविवारी पहाटे कोंढव्याहून बोपदेव घाटाने सासवडला जातो. पूर्वी या घाटातल्या वळणांवर स्टिअरिंग दोनदा सावरावे लागायचे. आता एकदा दिलेला कोन पुरतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन 4000 च्या वर ठेवले की चढ जाणवत नाही. शहरातला मायलेज लिटरमागे अर्ध्या किलोमीटरने घटला आहे. टायरचा आवाज काँक्रीटच्या रस्त्यावर थोडा वाढला आहे. पेट्रोल पंपावरचा मुलगा अजूनही न विचारता 35 पीएसआय हवा भरतो आणि मग सगळी मेहनत वाया गेल्यासारखी गाडी उडते, म्हणून दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरातला आकडा मी आता त्याला आधीच सांगतो.

हेडलाइटचे काम अजून राहिले आहे. जास्त वॅटचे बल्ब न लावता मूळच्या 60/55 वॅटच्या बल्बांनाच रिले (बॅटरीची वीज थेट बल्बला देणारा स्विच) आणि जाड वायरिंग द्यायचे ठरवले आहे. मिस्त्रींनी पुढच्या गुरुवारी बोलावले आहे.